सुभेदारांचा अंगठा

१

शेडच्या दारातून चांगुणाबाईला सुभेदार बाजीराव निकम जमिनीवर पडलेले दिसले, तेव्हा तिने आधी हातातली चहाची किटली नीट खाली ठेवली. मग ओरडायला तोंड उघडलं. आवाज यायला जरा वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात तिने बघायचं ते सगळं बघून घेतलं. सुभेदारांच्या उजव्या कानाच्या वर काळं भोक होतं. उजव्या हाताच्या चार बोटांत कंपनीचं पिस्तूल होतं. पाचवं बोट त्या हाताला नव्हतंच. अंगठा एकाहत्तरच्या लढाईत गेला होता; फौजेतून निवृत्त होऊन ते कारखान्याच्या रखवालदारांचे मुख्य झाले होते.

ती आत गेली नाही. दारातच उभी राहून तिने तुर्भ्याच्या त्या रंगाच्या कारखान्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने हाका मारल्या. साल शहाऐंशी, नोव्हेंबरातला गुरुवार, संध्याकाळचे पाच. शेडमागे खाडीला जाणारा नाला त्या दिवशी जांभळा होता. रंग वारावर ठरत नसे, पण गावातली माणसं नाल्याकडे बघून आज आत काय शिजतंय ते सांगत.

सब-इन्स्पेक्टर कमळाकर टिपणीस अर्ध्या तासात आले. टिपणीस तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झाले होते, आणि तत्त्वज्ञानाला दुसरीकडे कुठे नोकरी नसल्याने पोलिसात आले होते. त्यांच्या हवालदाराने रुमालाने पिस्तूल उचललं, वरचा सरकता भाग, स्लाइड, मागे ओढून आत पाहिलं.

"रिकामं आहे साहेब. मॅगझिनपण रिकामं. एक पुंगळी खाली पडलीये. एकच गोळी होती, ती डोक्यात."

"बाई, तुम्ही पिस्तुलाला हात लावला?"

"नाय बा!" चांगुणाबाई दोन पावलं मागे सरकली. "त्याचा तोंड मिटलेला व्हता. मिटल्या तोंडाच्या पिस्तुलाला मी कदी हात लावीत नाय."

भ्यालेली बाई काहीतरी बोलते, असं समजून हवालदाराने ते लिहून घेतलं नाही. टिपणीसांनी लिहून घेतलं. त्यालाही फारसं कारण नव्हतं. वाक्य चांगलं होतं, एवढंच.

कंपनीचे पर्सोनेल ऑफिसर नंदकिशोर दिघे दु:खी चेहऱ्याने पुढे आले. चेहऱ्याला त्याची सवय असावी.

"घरी भांडण झालं होतं म्हणे सकाळी. बायको 'मरा' म्हणाली. मिलिटरीचा माणूस, शब्द मनाला लावून घेतला."

दुसऱ्या दिवशी वरून फोन आला. वरच्या साहेबांना नंदकिशोरच्या चेहऱ्यावर पूर्ण विश्वास होता. "आत्महत्याच आहे ना? सोमवारपर्यंत कागद पाठवून द्या."

टिपणीस 'हो' म्हणाले. आयुष्यात त्यांनी असे पुष्कळ 'हो' म्हटले होते. त्यातले काही अजून रात्री उशाशी येऊन बसत.

२

नेरूळला सुभेदार राहत त्या नव्या इमारतीत सोळा ब्लॉक होते आणि माणसं चारांत. बाकीच्या दारांना बिल्डरचं कुलूप. जिन्यातून टिपणीस वर चढले तेव्हा त्यांच्या बुटांचा आवाज त्यांच्या आधी वर पोचला.

सुंदराबाई निकम भिंतीला टेकून बसल्या होत्या. साताऱ्याकडची बाई, शेजारणीने खालीच सांगितलं होतं की हिचा आवाज तीन मजले ऐकू यायचा. आता टिपणीसांना पुढे वाकावं लागलं.

"काय म्हणालात?"

"म्या मारलं त्यांना," त्या पुटपुटल्या.

"वहिनी, असं पोलिसासमोर बोलू नये."

"खरं हाय ते. सकाळी म्हटलं, मरा एकदाचे. अन् गेले." त्यांनी पदर तोंडाशी धरला. "आता जीभ उचलायची भ्या वाटतं. काल दूधवाल्यानं निम्मं पाणी घातलेलं दूध दिलं. काही बोलले न्हाई. बोलले अन् तोबी मेला तर?"

टिपणीसांना हसू येण्यासारखं होतं, पण आलं नाही. त्या बाईने ते अगदी हिशेब करून सांगितलं होतं.

"भांडण कशावरून झालं?"

"फाटकावरची वही. साहेब लोक ती मागत व्हते, हे देत नव्हते. म्हटलं, देऊन टाका. परक्या माणसापायी नोकरी घालवता? तर म्हणाले, आत गेलेला माणूस वहीत बाहेर आला पाहिजे. मी चिडले."

"कोण माणूस?"

"पोपट म्हणून कोणी. कंत्राटावरचा. मला म्हाईत न्हाई." त्यांनी टिपणीसांकडे पहिल्यांदा सरळ पाहिलं. "साहेब, एकच सांगा. माझ्या बोलण्यानं गेले का? तुमी कागदावर लिवणार ना? मग खरं काय ते बघूनच लिवा. तुमी लिवाल ते मी मरेपर्यंत मानंन."

टिपणीसांनी वरच्या साहेबांना 'हो' म्हटलं होतं. इथे त्यांनी कागद काढून त्यावर 'पोपट' एवढं नाव लिहिलं.

३

फाटकावर गेल्या महिन्याची वही नव्हती.

"सुभेदारांच्या टेबलावर व्हती," पंढरी भोईर म्हणाला. पंढरी तुर्भे गावचाच. ज्या जमिनीवर त्याचे बाप-आजे भात लावत, तिच्याच फाटकावर तो आता कंपनीच्या पट्ट्यात उभा असे. "गुरवारपासून दिसत नाय."

"पोपट कोण?"

पंढरीने इकडेतिकडे बघितलं. "परभनीकडचा पोरगा. टाक्या धुवायचा. गेल्या म्हयन्यात गायब झाला. ऑफिस म्हनते तो कामावर आलाच नाय त्या दिवशी. सुभेदार म्हनत, मी सोता लिवलाय त्याला आत. आठला आत. बाहेर लिवलेला नाय."

"मग गेला कुठे?"

"वहीतून काय सांगू साहेब? वही नाय ना."

टिपणीसांनी पिस्तुलाचा विषय काढला. पंढरीचा चेहरा उजळला. दर महिन्याच्या एका गुरुवारी शेडमध्ये नेमबाजी चाले. कंपनी मोठी उदार. माणशी महिन्याला एक गोळी मंजूर होती. शिकणारे तिघेच: पंढरी, दुसरा रखवालदार जयप्रकाश, आणि पिस्तुलाचं लायसन्स ज्यांच्या नावावर होतं ते नंदकिशोर साहेब. शिकवणारे सुभेदार.

"पन पयल्यांदा आमचा लय घोल झाला साहेब. सुभेदार धरून दाखवायचे, आम्ही तसाच धरायचो. चार बोटं जिथं तिथं. अंगठा कुठं ठेवायचा ते दिसायचाच नाय. त्यांना व्हता कुठं? आमचा अंगठा मंग आपला जायचा कुठंपन."

"म्हणजे गुरूलाच अंगठा नव्हता."

"हां! मंग त्यांनी युक्ती केली. पिस्तुलाच्या डाव्या अंगाला बारीक पट्टी हाय, स्लाइड लॉक म्हनतात. तिला तंबाखूचा चुना लावायचे. गोली मारली का अंगठा बघायचे. पांढरा झाला का शेडला दहा फेऱ्या! 'अंगठा!' करून असे वरडायचे..." पंढरीचा आवाज खाली आला. "अजून वरडतात साहेब. पाच वाजता. मी आयकलाय. शेडकडं कोनी जात नाय आता."

त्याने टिपणीसांपुढे चहाचा ग्लास धरला. ग्लासाला चारच बोटं होती; अंगठा हवेत उभा. टिपणीस त्या अंगठ्याकडे बघत राहिले. मेलेला माणूस या गड्याच्या हातात अजून राहत होता, आणि गड्याला पत्ता नव्हता.

जयप्रकाश गवारे मराठवाड्यातून आलेला, शांत, तोलून बोलणारा. गुरुवारी तो मागच्या फाटकावर होता, शेडपासून शंभर पावलांवर.

"आमच्या दोघांच्या गोळ्या तीनला झाल्या, साहेब. चांगुणाबाईनं दोन्ही पुंगळ्या मोजून नेल्या. ते तिचंच काम आहे. एक गोळी उरली व्हती, साहेबांची."

"मग तिसरा आवाज कधी ऐकलास?"

"साडेचारला."

"तेव्हा शेडमध्ये कोण होतं?"

जयप्रकाशने नाल्याकडे पाहिलं. नाला आज पिवळा होता. "सुभेदार व्हते," तो म्हणाला. त्याच्या अंगठ्याचं नख पांढरं पडेपर्यंत त्याने काठी दाबून धरली होती.

नंदकिशोर दिघेंनी टिपणीसांना खुर्ची दिली, थंड पेय मागवलं आणि पंखा त्यांच्या बाजूला वळवला.

"मी गुरुवारी गेलोच नाही हो शेडकडे. फाइलींत बुडालो होतो. आणि ती वही ना? सुभेदारांनीच कुठे तरी टाकली असणार. मनाचा तोल गेल्यावर माणूस काय करेल सांगता येत नाही. घरचा ताप."

"तुमची नेमबाजी कशी आहे?"

"उत्तम! सुभेदारांनी मला कधी एक चूक दाखवली नाही." नंदकिशोर हसले. "पांढऱ्या अंगठ्याच्या फेऱ्या फक्त त्या दोघांना."

टिपणीसांनी थंड पेय संपवलं. साहेबांच्या बोलण्यात कुठे तरी काहीतरी टोचलं होतं, पण नेमकं काय ते त्यांना कळेना.

४

रविवारी पाचला टिपणीस पिस्तूल घेऊन एकटेच शेडमध्ये गेले. सुटी होती, भट्ट्या थंड होत्या. पत्र्याच्या फटीतून खाडीचा वारा येत होता. वाळूच्या पोत्यांना पडलेली भोकं डोळ्यांसारखी त्यांच्याकडे बघत होती. सुभेदार पडले होते तिथली जमीन धुतलेली होती, म्हणून तीच जास्त दिसत होती.

त्यांनी रिकामं मॅगझिन बसवलं, पिस्तूल उजव्या हातात धरलं आणि डाव्या हाताने स्लाइड मागे ओढून सोडली.

स्लाइड मागेच राहिली. पिस्तुलाचं तोंड उघडं.

टिपणीसांनी नीट पाहिलं. मॅगझिन रिकामं झालं की आतून डावीकडची ती पट्टी वर उचलली जाते आणि स्लाइडला मागे अडकवून ठेवते. गोळी संपल्याचं पिस्तूल असं स्वत:च सांगतं. छान व्यवस्था. माणसांत नाही ती.

पुन्हा धरलं, जरा घट्ट. ओढलं, सोडलं.

खट्. स्लाइड पुढे येऊन बंद झाली.

पुन्हा. खट्. आता का बंद? तेच पिस्तूल, तेच रिकामं मॅगझिन.

"अंगठा!"

 टिपणीस गर्रकन वळले. दारात कोणी नव्हतं. शेडबाहेर गवत हलत होतं, आणि वारा पत्र्यावर नखं ओढत होता. बाहेरच्या रस्त्याने जाता जाता पंढरी ओरडला असेल, असं नंतर त्यांनी स्वत:ला सांगितलं. पंढरीला मात्र त्यांनी ते कधी विचारलं नाही.

त्यांनी सावकाश मान खाली घालून हाताकडे पाहिलं. त्यांचा अंगठा नेमका त्या पट्टीवर टेकला होता. पट्टीला वर उठायला जागाच नव्हती. त्यांनी अंगठा उचलून हवेत धरला आणि पुन्हा ओढलं. पिस्तूल निमूट उघडं राहिलं.

टिपणीस तिथेच वाळूच्या पोत्यावर बसले. मग उठून चांगुणाबाईच्या घराकडे जवळजवळ पळत गेले.

"बाई, मिटल्या तोंडाच्या पिस्तुलाला हात लावायचा नाही, हे कोणी शिकवलं?"

"सुभेदारांनी. मी पुंगल्या येचायला जाते ना. त्यांनी सांगितलाय, चांगुने, त्याचा तोंड उघडा असंल तर गोली संपली, खुशाल ये. मिटलेला असंल तर आत गोली हाय असा समज अन् भायेरच रा." तिने डोळे पुसले. "म्हनून तर मी आत नाय गेले. मला वाटला, अजून गोली हाय. नायतर मी त्यांचा डोका मांडीव घेतला असता."

५

सोमवारी सकाळी वरच्या साहेबांना जायचे कागद गेले नाहीत. त्याऐवजी टिपणीसांनी तिघांनाही शेडमध्ये बोलावलं. आवाज किती लांब जातो ते तपासायचंय, म्हणाले. नवीन तीन गोळ्या. प्रत्येकाने एक झाडायची, पोत्यात.

पंढरी आला. पायांत अंतर घेतलं, चार बोटांनी मूठ धरली, अंगठा ध्वजासारखा वर. आवाज झाला आणि पिस्तूल तोंड उघडून स्थिर झालं.

जयप्रकाशचंही तसंच. त्याचाही अंगठा हवेत उभा.

नंदकिशोर साहेबांनी बाह्या सारल्या. ऐटीत नेम धरला, गोळी मारली. स्लाइड मागे गेली, पुढे आली, खट्कन बंद झाली. साहेबांनी नेम तसाच ठेवून पुन्हा चाप ओढला. पिस्तुलातून नुसती टिचकी ऐकू आली.

"संपली वाटतं," ते म्हणाले.

"पिस्तुलाकडे बघून वाटत नाही ना?" टिपणीस म्हणाले. "तुमचा अंगठा कुठे आहे, बघा जरा."

नंदकिशोरांनी खाली पाहिलं. अंगठा पट्टीवर होता, मालकीच्या जागेवर असावा तसा निवांत.

"सुभेदारांनी स्वत:ला गोळी घातली असती, तर पिस्तूल उघडं राहिलं असतं," टिपणीस सावकाश म्हणाले. "ती पट्टी दाबायला त्यांच्याकडे अंगठाच नव्हता. डाव्या हाताने उजव्या कानाच्या वर कोणी गोळी मारत नाही. चांगुणाबाईला पिस्तूल बंद दिसलं. म्हणजे एक तर दुसऱ्याच्या अंगठ्याखाली ते झाडलं गेलं, नाही तर मागाहून कोणी तरी बंद केलं. कसंही धरा, शेडमध्ये आणखी एक माणूस होता."

"काहीतरीच! दहा जणांनी धरलं तर पाच जणांचा अंगठा तिथे जाईल."

"जाईल. पण त्या शेडमध्ये पिस्तूल धरणारे तुम्ही तिघेच. या दोघांचे अंगठे दहा-दहा फेऱ्या मारून सुधारलेत. तुम्हाला फेऱ्या कोण सांगणार? सुभेदार तुमच्या हाताखालचे. साहेबाचा अंगठा चुकीच्या जागी आहे, हे साहेबाला सांगायची आपल्याकडे पद्धत नाही. तुमची एकही चूक कोणी दाखवली नाही, हे तुम्हीच मला अभिमानाने सांगितलंत."

नंदकिशोरांनी रुमाल काढला. "याला पुरावा म्हणत नाहीत, टिपणीस. मी गुरुवारी इथे आलोच नव्हतो. मागच्या फाटकाची वही बघा. माझं नाव आहे?"

"न्हाई," जयप्रकाश म्हणाला.

सगळे वळले. त्याने टोपी काढून हातात घेतली होती.

"साहेबांचं नाव लिवत न्हाईत आम्ही. कामगार आत-बाहेर गेला की लिवतो. साहेब गेले की सलाम ठोकतो." त्याने शेडच्या दाराकडे बोट केलं. "सव्वाचारला सलाम ठोकला मी. साडेचारला गोळी वाजली. मग साहेब परत आले. काखेत गेल्या महिन्याची ती वही व्हती. मी पुन्हा सलाम ठोकला."

"चार दिवस का बोलला नाहीस?" टिपणीसांनी विचारलं.

"दोन लेकरं हाईत, साहेब. अन् खरं सांगू? मला वाटलं, गोळी सुभेदारांनीच घेतली असंल. साहेब नुसते बघून आले असतील. असं वाटून घेतलं की झोप येती. पण आत्ता ते पिस्तूल मिटलं ना... सुभेदार माझ्या कानाशी वरडले."

नंदकिशोर दिघे वाळूच्या पोत्यावर बसले. त्यांचा दु:खी चेहरा पहिल्यांदाच खरा वाटत होता.

"वही दे म्हणत होतो नुसतं," ते म्हणाले. "पोपट टाकीत पडला, तो अपघातच होता हो. वर कळलं असतं तर कारखाना बंद. चारशे माणसं घरी. एक पान फाडायचं होतं. मी पिस्तूल हातात घेतलं तर म्हणाला, 'साहेब, आधी पोपटचं पान पुरं करा, मग नेम.' हाताखालचा माणूस! मला!"

"आणि पोपट?"

"तिसऱ्या टाकीत." ते कुजबुजले. "बाहेर काढला असता तर लोकांनी पाहिलं असतं."

६

तिसरी टाकी रिकामी करायला मंगळवारची दुपार उजाडली. नाला त्या दिवशी कुठल्याच रंगाचा नव्हता. पोपटला बाहेर काढलं तेव्हा पंढरी, जयप्रकाश आणि आणखी शंभरेक माणसं काठावर न बोलता उभी होती. कोणीतरी टोपी काढली, मग सगळ्यांनी काढल्या. आरडाओरडा झाला असता तर टिपणीसांना बरं वाटलं असतं.

तिथून ते तसेच नेरूळला गेले. बुटांना लागलेला रंग जिन्याच्या पायऱ्यांवर उमटत गेला.

सुंदराबाई भिंतीपाशीच होत्या. टिपणीसांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: पट्टी, अंगठा, नंदकिशोर, वही, टाकी.  सांगून झाल्यावर खालच्या रिकाम्या ब्लॉकमधल्या नळाचे थेंब ऐकू येऊ लागले.

"म्हणजे माझ्या बोलण्यानं न्हाई," त्या अखेर पुटपुटल्या.

"नाही. कागदावर तसं लिहिलंय. सहीसकट."

"मी म्हटलं नसतं तरी मारलं असतं?"

"तरी मारलं असतं. तुमचं ऐकून वही दिली असती, तर वाचले असते. तेवढं मात्र त्यांनी ऐकलं नाही."

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं, असं टिपणीसांना लगेच वाटलं. सुंदराबाईंचा चेहरा ताणला गेला. ओठ हलले. मग कितीतरी दिवस आत कोंडलेलं काहीतरी तळापासून वर आलं.

"ऐकतील कसे?" त्या एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, की टिपणीस एक पाऊल मागे सरले. "कवा ऐकलंय त्यांनी माझं? बावीस वर्सांत एकदा तरी? म्हटलं व्हतं, त्या पिस्तुलाजवळ साहेब लोकांना येऊ देऊ नका! म्हटलं व्हतं, वही पायजे तर चौकीत नेऊन द्या, एकटे बसू नका धरून! न्हाई! आपलंच खरं! अन् तुमी! तुमी काय करत व्हता? गुरुवार, शुक्कुरवार, शनवार... बाई बाई बाई, एक अंगठा हुडकायला पाच दिस! ते पोर टाकीत सडत व्हतं, मी इथं जीभ चावून बसले व्हते, अन् तुमी म्हणं आवाज किती लांब जातो ते बघत व्हता!"

समोरचं दार उघडलं. शेजारीण बाहेर आली. वरच्या मजल्यावरून कोणीतरी खाली वाकून पाहिलं.

सुंदराबाईंचे डोळे वाहत होते आणि आवाज चढत होता. त्यांनी दिघेंना शिव्या दिल्या, कंपनीला दिल्या, सुभेदारांना तर नाव घेऊन दिल्या, बावीस वर्षांत घेतलं नव्हतं ते नाव.

टिपणीस चौकटीत हात बांधून, मान खाली घालून उभे होते. त्यांनी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही.